ईश्वरप्पांचा डावा हात

नांदूरघाटात ईश्वरप्पांच्या किराणा दुकानात गूळ फुकट चाखायला मिळायचा, पण सकाळची पूजा झाल्याशिवाय मिठाचा खडासुद्धा विकत मिळायचा नाही. पाहुणे दारात आणि घरात साखर नाही, अशी कुणाची कितीही तारांबळ उडालेली असो, गिऱ्हाइकानं ओट्यावर बसून राहायचं. आत ईश्वरप्पा कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन त्याच्याकडं टक लावून बसलेले असायचे. पापणी हलायची नाही. "आप्पाची नजर बसली हाय, आता कलेक्टर आला तरी उठायचं न्हाई," असं लोक म्हणायचे आणि निमूट थांबायचे. दुसरं दुकान दहा पावलांवर होतं, तरी थांबायचे. माणूसच तसा होता. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या तर तो त्या पिसानं झाडून बाजूला काढी आणि वर त्यांना चिमूटभर पीठ घाली. असल्या माणसाचा तराजू खोटा असेल अशी शंका घ्यायचीसुद्धा लोकांना लाज वाटे.

त्यांची बायको शांतादेवी. नावातच काय ती शांतता. दुकानाच्या मागच्या घरातून तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा, आणि नवऱ्यावर तिचा जेवढा जीव, तेवढाच धाक. लग्नाआधी मठातल्या स्वामींनी दीक्षा देऊन चांदीच्या डबीतलं लिंग तिच्या गळ्यात घातलं, तेव्हापासून ते तिच्या अंगावरून कधी उतरलं नव्हतं. पूजेपुरतं तळहातावर घ्यायचं, पूजा झाली की परत गळ्यात. बाळंतपणं झाली, टायफॉईड झाला, एकदा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून पडली, तरी डबी छातीवरच. लिंग अंगावर नसलेला माणूस म्हणजे चालतं फिरतं मढं, असं तिची आई सांगायची आणि तिनंही ते लेकीला तसंच सांगितलं होतं.

अशा बाईच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले. नांदूरघाटच्या डॉक्टरांनी अंबाजोगाईला जा म्हणून सांगितलं, तिथल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. लेक कावेरी लातूरला दिलेली. नेमकं तिचं पोर तापानं फणफणलेलं, त्यामुळं तिला येता आलं नाही. राहिले दोघंच. तशी अडचण नव्हती, कारण ईश्वरप्पांच्या थोरल्या भावाचा मुलगा मृत्युंजय अंबाजोगाईतच होता आणि त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान दवाखान्याच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आली आणि म्हणाली, "मावशी, गळ्यातलं, हातातलं, कानातलं सगळं काढून द्या."

बांगड्या निघाल्या. मंगळसूत्र निघालं. डबीवर हात गेला तिथं शांतादेवी थांबल्या. "हे निघत नसतंय," म्हणाल्या. सिस्टर काही वाईट नव्हती, पण नियम तो नियम. बरीच बोलाचाली झाली. शेवटी शांतादेवींनी स्वतःच्या हातानं डबी ओवलेला शिवदोरा मानेवरून काढला आणि डबी नवऱ्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. ठेवल्यावरही दोऱ्याचं टोक त्यांनी लगेच सोडलं नाही.

"गळ्यात घालू नका. एका गळ्यात दोन न्हाई चालत. खिशात तर न्हाईच न्हाई, तुमच्या खिशात चिल्लर असती. हातात धरा. मी भाईर येस्तवर खाली ठिवायचं न्हाई."

"न्हाई ठिवत."

"तुमच्या हातात हाय म्हंजी माझ्या अंगावर हाय, असं समजून जाते मी आत."

"जा निवांत," ईश्वरप्पा म्हणाले आणि मूठ मिटली.

बाई आत गेल्या. आणि गेल्या गेल्याच कुठल्याशा अपघातातला माणूस रक्तबंबाळ होऊन आला, त्याला आधी घेतलं. शांतादेवींना आतल्या खोलीत झोपवून ठेवलेलं, भेटता येईना. ईश्वरप्पा बाकड्यावरून उठत, आतल्या दारापर्यंत जात आणि परत येऊन बसत. सिस्टरनं त्यांचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, येळ लागंल. घोटभर च्या घिऊन या, झालं की फोन करते." मृत्युंजय तिथंच होता. त्यानं काकाला दंडाला धरून उठवलं आणि समोर आपल्या दुकानात नेलं.

मृत्युंजय म्हणजे चाळिशी ओलांडली तरी पोरकटपणा न गेलेला गृहस्थ. मेडिकल कॉलेजच्या पोरापोरींचे लॅपटॉप दुरुस्त करायचे आणि त्यांच्याशीच गप्पा हाणत बसायचं, हा त्याचा धंदा. मनानं मात्र सोनं. काका चहाचा कप समोर घेऊन नुसता बसलाय, मूठ आवळून आवळून बोटं पांढरी पडलीत, हे त्याला बघवेना. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. कॉलेजात असताना एका विमानांच्या लढाईच्या गेमपायी तो एक वर्ष नापास झाला होता, आणि तो गेम त्यानं अजून त्या कॉम्प्युटरवर जपून ठेवला होता. आपल्याला बुडवणाऱ्या गोष्टीवर काही माणसांचं प्रेमच बसतं.

"काका, हिकडं या. इमान उडवा जरा."

"तुझं डोकं फिरलं का काय? तुझी काकू आत पडलीय आन् मी इमानं उडवू?"

"उगं टेन्शन घिऊन बीपी वाढवून घेताव. तुमीबी आडवं झाल्यावर मी एकटा कुणाकुणाकडं बघू? बसा. मन लागतंय का बघा."

ईश्वरप्पा बसले ते पुतण्याचं मन राखायला. निदान नंतर ते स्वतःला तसंच सांगत राहिले.

समोर पडद्यावर फार जुन्या कुठल्यातरी लढाईतली विमानं होती, नाकावर पंखा फिरणारी. ढग चौकोनी, डोंगर कोणी घाईत घडी घातलेल्या चादरीसारखे. पुढं एक काळी दांडी. ती आपल्याकडं ओढली की विमान वर जातं, पुढं ढकलली की खाली, आणि अंगठ्याखालचं बटन दाबलं की गोळ्या. ईश्वरप्पांनी उजव्या हातानं दांडी धरली. डावी मूठ मांडीवर, घट्ट मिटलेली.

पहिलं विमान समुद्रात गेलं. "अर्र, गेला बिचारा," असं म्हणून ते मागं सरकले. मुंग्यांना पीठ घालणाऱ्या माणसाला विमानातल्या माणसाचं वाईट वाटायचंच. मृत्युंजयनं सांगितलं की तसं काही नसतं, लगेच दुसरं मिळतं. दुसरं डोंगरावर आदळलं. तिसरं कुणीतरी मागून येऊन पाडलं आणि तेव्हा पहिल्यांदा ईश्वरप्पांना राग आला. मागून येऊन मारतो म्हणजे काय? ही काय रीत झाली?

"काका, एका हातानं न्हाई व्हायचं. डाव्या हातानं हे बटन दाबून धरा, तवा येग वाढतोय."

"त्यो हात मोकळा न्हाई."

किती ताठ मानेनं म्हणाले होते! त्या वाक्यावर तो माणूस टिकला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

चौथं विमान हवेत चांगलं स्थिरावलं. उजव्या हाताला आता अंदाज आला होता. आयुष्यभर तराजू तोलणारा हात, त्याला किती जोर लावायचा ते लवकर कळलं. पडद्याच्या मधोमध एक गोल होता आणि त्या गोलात समोरचं विमान आणायचं होतं. ते यायचं, निसटायचं. पुन्हा यायचं. ईश्वरप्पांची नजर बसली. पापणी हलेना. आणि तेवढ्यात तो मघाचाच, मागून येणारा, पुन्हा मागं लागला. मृत्युंजय ओरडला, "येग वाढवा काका, येग!"

ईश्वरप्पांनी डबी टेबलावर ठेवली आणि डाव्या हातानं बटन दाबलं.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं ईश्वरप्पांनी दुकानावर येणाऱ्या किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. सांगणाऱ्याचं हे असं असतं. क्षणभर, असं ते मनात म्हणाले. एवढा एक चुकवला की डबी परत उचलतो. तो चुकवला. मग त्याच्याच मागं गेले. गोलात आणला, अंगठा दाबला, धुराची शेपटी काढत ते विमान खाली गेलं आणि पासष्टीच्या ईश्वरप्पांच्या तोंडून शब्द निघाला, "पड बे!" गिऱ्हाइकाला कधी अरेतुरे न करणारा माणूस. मृत्युंजय हसून हसून लाल झाला. मग दुसरं आलं. मग दोन एकदम आली. ईश्वरप्पा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले, विमान वळलं की तेही वळत, आणि कधीतरी मृत्युंजयनं आणलेला दुसरा चहाही त्यांनी पडद्यावरची नजर न काढता पिऊन टाकला.

फोन वाजला. मृत्युंजयनं उचलला आणि म्हणाला, "काका, झालं! काकूला भाईर आणलं. समदं ठीक हाय."

ईश्वरप्पा उठले ते धावतच सुटले. रस्ता ओलांडला, दवाखान्याच्या पायऱ्या चढले, आणि वरच्या पायरीवर कठड्याला धरायला डावा हात पुढं केला तर तो हात मोकळा होता.

तसेच मागं फिरले. एक रिक्षावाला करकचून ब्रेक दाबून शिव्या देत राहिला, त्या त्यांच्या कानावरसुद्धा पडल्या नाहीत. डबी टेबलावर होती. दोन उष्ट्या कपांच्या मधे, माऊसच्या वायरीला टेकलेली. एका कपातला चहा जरा सांडून डबीच्या बुडाशी आला होता. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली, कपाळाला लावली, पुन्हा पुसली आणि मुठीत घेऊन परत गेले.

शांतादेवींची शुद्ध येत होती. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. मंगळसूत्र विचारलं नाही, लेक विचारली नाही. एवढंच विचारलं, "हातात हाय का?"

ईश्वरप्पांनी मूठ उघडून दाखवली. "हातात हाय," म्हणाले.

शब्द न शब्द खरा होता. कुठल्याही कोर्टात टिकला असता. फक्त बोलणाऱ्याच्या आत टिकेना.

शांतादेवी बऱ्या झाल्या, गावी आल्या आणि त्यांचा आवाज पुन्हा वेशीपर्यंत जाऊ लागला. आता त्या आवाजात एक नवी गोष्ट होती. विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगत, "आत नेलं तवा मला भ्याच वाटलं न्हाई बघ. ह्यांच्या हातात देव होता. पाणी प्याले न्हाईत, जागचे हलले न्हाईत, मूठ उघडली न्हाई. म्हणून माघारी आले मी." पाणी न प्यायल्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. गोष्ट सांगता सांगता वाढत असते, आणि नवऱ्याची गोष्ट तर बायका एकतर फार वाढवतात नाहीतर फार कापतात. ईश्वरप्पा आत हिशेबाला बसलेले असत, तिथं हा आवाज येई आणि त्यांना जागेवर बसवत नसे. "पुरं की आता ते," असं एकदोनदा म्हणून पाहिलं. लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस, कौतुकसुद्धा सोसत नाही!

श्रावणात मठात भजन होतं. स्वामींच्या कानावर ही गोष्ट गेलेलीच. त्यांनी भर सभेत ईश्वरप्पांना पुढं बोलावलं, गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "घरोघरी अशी माणसं निपजली पायजेत." सुंदरराव म्हणून गावचे एक मोठे जमीनदार, कुणापुढं सहसा न वाकणारे, त्यांनी वाकून नमस्कार केला. ईश्वरप्पांना वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. ती काही दुभंगली नाही. हार मात्र घरापर्यंत गळ्यात राहिला, कारण तो काढू द्यायला शांतादेवी तयार नव्हत्या.

पण खरी शिक्षा वेगळीच होती आणि ती रोज सकाळी मिळायची. पूजेला बसावं, डाव्या तळहातावर लिंग घ्यावं, नजर लावावी, आणि थोड्या वेळानं त्या काळ्याभोर गोलाईत कुठून तरी एक विमान यावं. डावीकडून यायचं, निसटायचं. ईश्वरप्पांचा उजवा अंगठा आपोआप वाकायचा. वाईट वाटायचं हे तर खरंच. त्याहून वाईट हे की मजा यायची. अंबाजोगाईला जायचं काही निमित्त निघतं का, असा विचार एकदा मनात आला, तेव्हा त्यांनी पूजा अर्धी ठेवून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. बाहेर ओट्यावर गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याला वाटलं डास असेल.

शेवटी एका दुपारी दुकान लोटून घेतलं आणि ते आत गेले. शांतादेवी सुपात तूरडाळ घेऊन खडे निवडत होत्या.

"शांता, तू आत हुतीस तवा मी लिंग खाली ठिवलतं."

सूप थांबलं नाही. "कावून?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दांडी, बटन, मागून येणारं विमान. सांगताना ते इतकं हास्यास्पद वाटत होतं की एखाद्या बाईसाठी किंवा दारूसाठी ठेवलं असतं तर निदान सांगायला बरं पडलं असतं. शांतादेवी ऐकत होत्या, बोटं डाळीत फिरत होती.

"कुठं ठिवलं?"

"टेबलावर."

"टेबलावर काय हुतं?"

"च्याचे कप."

"उष्टे?"

"हां."

सूप थांबलं. "मधी कवा माझी याद आली का?"

इथं खोटं बोलायला फार जागा होती. एक शब्द पुरला असता, आणि तो ऐकायला त्या तयारही असाव्यात. लिंग खाली ठेवलं याचं नव्हतंच ते ओझं, हे ईश्वरप्पांना तेव्हा कळलं.

"न्हाई," ते म्हणाले. "एकदाबी न्हाई आली."

शांतादेवींनी एक खडा उचलला, बघितला, बाजूला टाकला. "खरं सांगितलं ते बरं केलं," म्हणाल्या आणि पुन्हा निवडू लागल्या.

रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ताट वेळेवर, भाकरी गरम, बोलणं नेहमीसारखं. ईश्वरप्पांना वाटलं, निभावलं. मोठ्या मनाची बाई. मग एक दिवस शेजारची उज्ज्वला माहेरहून आलेल्या बहिणीला घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, ती दवाखान्यातली गोष्ट सांगा की हिला." ईश्वरप्पांचा हात तराजूवरच थांबला. आतून आवाज आला, "त्यात काय सांगायचं? डॉक्टर चांगला हुता." तो आवाज वेशीपर्यंत काय, दारापर्यंतसुद्धा नीट पोचला नाही. त्यानंतर ती गोष्ट नांदूरघाटात कुणी ऐकली नाही. इतके दिवस जी बंद व्हावी म्हणून ईश्वरप्पा तळमळत होते, ती बंद झाली, आणि आता ती एकदा तरी ऐकू यावी असं त्यांना वाटू लागलं.

दिवाळीनंतर शांतादेवींच्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. पुन्हा अंबाजोगाई. या खेपेला कावेरी आली होती, पोराला लातूरला सासूकडं ठेवून. मृत्युंजय भेटायला आला आणि हसत हसत म्हणाला, "काका, येताव का हवेत?" त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गडी पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

सिस्टर आली. गळ्यातलं, हातातलं काढून द्या म्हणाली. शांतादेवींनी काही वाद घातला नाही. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, ते नवऱ्याकडं दिलं. मग शिवदोरा मानेवरून काढला. ईश्वरप्पांनी डावा हात पुढं केलेला होता, तळवा वर. त्यांनी सकाळीच तो हात स्वच्छ धुतला होता, मनाशी पक्कं केलं होतं की या वेळी जीव गेला तरी मूठ उघडायची नाही.

शांतादेवींनी त्या हाताकडं पाहिलं. रागानं नाही. दुकानात एखादं जुनं गिऱ्हाईक उधारी मागतं आणि ती द्यायची नसते, तेव्हा आपण जसं पाहतो तसं. मग त्या वळल्या आणि डबी कावेरीच्या तळहातावर ठेवली. "मी भाईर येस्तवर खाली ठिवू नको," एवढं म्हणून आत गेल्या.

कावेरीला काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, बाईमाणसाचं बाईमाणसाकडं दिलं असेल. ती डबी मुठीत घेऊन बाकड्यावर बसली. ईश्वरप्पा तिच्या शेजारी बसले. दोन्ही हात मांडीवर, आणि त्या हातांचं काय करावं ते त्यांना समजेना.

थोड्या वेळानं कावेरीचा फोन वाजला. लातूरहून सासूचा. पोरगं पायऱ्यांवरून पडलं होतं, ओठ फुटला होता, आई आई करून घर डोक्यावर घेतलं होतं. कावेरीनं एका हातात कसाबसा फोन धरलेला, पिशवीतून औषधाची चिठ्ठी काढून नाव वाचून दाखवायचं होतं, तिचा चेहरा कावराबावरा झाला. तिनं मूठ बापापुढं केली.

"आप्पा, हे धरा जरा. एकच मिनिट."

डबी त्यांच्या हातापासून वीतभर होती. नुसती बोटं उघडली असती तरी पुरे होतं. लेकीला ठाऊक नव्हतं, आतल्या बाईला कळलं नसतं, आणि गेल्या कितीतरी महिन्यांत त्यांनी याच एका गोष्टीची वाट पाहिली होती.

"न्हाई," ईश्वरप्पा म्हणाले. "तिनं तुझ्याकडं दिलंय. तू सोडू नको."

त्यांनी तिच्या हातातला फोन काढून घेतला, तिच्या कानाला लावला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला.